शंभर रुपये गावात किती वेळ थांबतात

पगाराच्या स्लिपवर कापलेल्या पैशांची जी यादी असते तिच्यात पीएफ आणि टीडीएसच्या खाली एक छोटी ओळ असते, पी.टी. 200, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स. फेब्रुवारीत तेवढे 300. वर्षाचे मिळून 2500, कारण घटनेच्या 276 व्या कलमाप्रमाणे राज्याला एका माणसाकडून याच्यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. मी पेरोलचं काम करते त्यामुळे ही ओळ माझ्या डोळ्यासमोरून सतत जाते, आणि नवीन जॉइन झालेली मुलं हमखास विचारतात की मॅडम हे दोनशे कशाचे, तर बाकीचे "स्टेटचा टॅक्स आहे रे" म्हणून विषय संपवतात. मला तो तेवढ्यावर संपवता येत नाही. हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. म्हणजे फोर्टातल्या ऑफिसात बसणारा माणूस महिन्याला थोडे पैसे देणार आणि त्यातून माण, आटपाडी, जत, सांगोला, बीड इथला मजूर पाझर तलावाच्या बांधावर माती टाकून हजेरी घेणार. शहराचा पैसा दुष्काळी भागात, आणि तोही भीक म्हणून नाही, कामाचे दाम म्हणून. एवढी सरळ गोष्ट आपण आपल्याच पोरांना सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सरकारने खर्च केला की काय होतं यावर टीव्हीवर भांडणं चालतात ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाची असतात, की पैसा वाया गेला का नाही गेला. तिजोरीवर बोजा, रेवड्या, कर्ज, हे शब्द. पण खरा प्रश्न तिजोरीतून पैसा निघाल्यानंतर सुरू होतो. तो कोणाच्या हातात पडला, त्या माणसाने तो कुठं दिला, ज्याला दिला त्याने पुढं काय केलं, आणि या सगळ्या फिरण्यात नवीन काही पिकलं, बनलं, बांधलं गेलं की नुसते भाव वाढले. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात, फिस्कल मल्टिप्लायर. सरकारने एक रुपया खर्च केला तर देशाचं उत्पन्न किती रुपयांनी वाढलं, तो आकडा.

कल्पना जुनी आहे. 1931 साली केंब्रिजचे रिचर्ड कान यांनी एक लेख लिहिला, ब्रिटनमध्ये तेव्हा भयंकर बेकारी होती आणि वाद असा चालला होता की रस्ते बांधायला सरकारने पैसा काढावा का. कान यांनी विचारलं की रस्त्यावर ज्याला काम मिळालं तो तर झालाच, पण त्याच्या मजुरीतून बूट विकले गेले आणि बूटवाल्याने आणखी एक माणूस लावला, तर तो दुसरा माणूस हिशोबात कोण धरणार? आणि वर ज्याला काम लागलं त्याला द्यावा लागणारा बेकारी भत्ता वाचला, तो पण धरा. पाच वर्षांनी, 1936 ला, इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सने आपल्या पुस्तकात हाच धागा धरला आणि तेव्हापासून हा शब्द जगभर झाला.

गणित शाळेतल्या पोराला कळेल असं आहे. सरकारने शंभर रुपये मजुरी दिली. मजुराने त्यातले ऐंशी खर्च केले. ते दुकानदाराचं उत्पन्न, त्याने ऐंशीतले चौसष्ट खर्च केले. मग एक्कावन्न, मग एकेचाळीस, असं कमी कमी होत सगळं मिळवलं तर बेरीज पाचशे येते. कागदावर. आता त्यात एकच बदल करा. मजुराने जे ऐंशी खर्च केले त्यातले चाळीसच गावात राहिले आणि चाळीस बाहेरच्या मालाला गेले, आणि पुढच्या प्रत्येक हातात हेच झालं. शंभर, चाळीस, सोळा, साडेसहा. बेरीज एकशे सहासष्टच्या आसपास. माणसं तीच, मजुरी तीच, पण पाचशेचे एकशे सहासष्ट झाले, फक्त पैसा गावात किती वेळ थांबला एवढ्या फरकाने.

माझी आज्जी बाहत्तरच्या दुष्काळात खडीवर होती. आमचं गाव माण तालुक्यातलं, पाऊस आमच्याकडे तसाही पाहुण्यासारखाच, पण बाहत्तरला सगळा महाराष्ट्रच होरपळला. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, खडी फोडणं, नालाबांध, बंडिंग, पाझर तलाव, आणि मे 1973 मध्ये एका वेळी राज्यभरात या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पन्नास लाख! आज आपण एखाद्या योजनेचे लाभार्थी मोजतो तेव्हा ते खात्याचे नंबर असतात, हे पन्नास लाख म्हणजे उन्हात हातोडी घेऊन बसलेली माणसं होती. आज्जी सांगायची की ब्रासावर मजुरी असायची, मुकादम टेप लावून मापायचा आणि ढीग सैल रचला असेल तर पायाने दाबून बघायचा. पोरांना सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो आली होती अमेरिकेची, तिच्या भाकरीची चव ती म्हातारपणीसुद्धा तोंड वाकडं करून सांगायची.

पण तिचं एक वाक्य होतं ते मी नंतर कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना पुन्हा पुन्हा आठवलं. "पैसा हुता गं बाय, दाणा नव्हता."

हेच वाक्य 1952 साली एका मोठ्या अर्थतज्ज्ञाने वेगळ्या भाषेत लिहून ठेवलं होतं. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभं करणारे. त्यांचं म्हणणं होतं की केन्सचा गुणक इंग्लंडसारख्या देशात चालतो कारण तिथं कारखाने बंद पडलेले असतात, यंत्रं असतात, कामगार असतात, कच्चा माल असतो, नसतं ते फक्त गिऱ्हाईक. सरकारने गिऱ्हाईक उभं केलं की चाकं फिरतात. भारतात तसं नाही. इथं गरीब माणसाच्या हातात पैसा आला की तो आधी पोटभर खाणार, आणि धान्य काही मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात जास्त उगवत नाही, त्याला पाऊस लागतो, हंगाम लागतो. मग पैसा फिरेल भरपूर पण त्याने माल वाढण्याऐवजी भाव वाढतील. त्यांचा निष्कर्ष असा की आपल्यासारख्या देशाला जास्त कष्ट आणि जास्त बचत हाच जुना उपाय लागू पडतो.

राव यांचं हे म्हणणं मला कधी खोडून टाकावंसं वाटलं नाही. 1972 मध्येच मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधी समिती उभी केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, रॉकेल, तेल, धान्य, साखर कशाचाच पत्ता नव्हता. 1973-74 ला देशात घाऊक किमती 20 टक्क्यांच्या आसपास वाढल्या, त्याला तेलाचं संकटही कारण होतं, लागोपाठचा दुष्काळही होता. मालाची टंचाई असताना नुसता पैसा ओतणं किती धोक्याचं ते त्या वर्षांनी दाखवलं.

तरीही दुष्काळी कामांवर पैसा दिला नसता तर काय झालं असतं? इथं आज्जीची गोष्ट पुढं जाते. ती म्हणायची की सुरुवातीला बाजारात दाणा नव्हता, मग रात्रीच्या गाड्या यायला लागल्या, कुठनं यायच्या ते कुणी विचारत नव्हतं, महाग मिळायचं पण मिळायचं. त्या काळी एका राज्यातलं धान्य दुसऱ्या राज्यात न्यायला बंधनं होती. अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला त्यात हीच गोष्ट येते, की मजुरांच्या हातात रोख पैसा आला म्हणून खाजगी व्यापाऱ्यांनी बंधनं मोडून बाहेरच्या राज्यांतून धान्य महाराष्ट्रात आणलं. पैसा नसता तर त्या गाड्या आल्याच नसत्या, कारण उपाशी माणसाकडे कोणी ट्रक पाठवत नाही. पीक निम्म्याखाली आलेल्या राज्यात माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत, त्याचं मोठं कारण हे. राव यांना जी धान्याची भिंत दिसत होती ती देशाच्या पातळीवर खरी होती पण एका राज्यापुरती, एका तालुक्यापुरती तिला दरवाजा होता आणि तो मजुरीच्या पैशाने उघडला. त्यासाठी दुसरीकडच्या कोणाला तरी थोडं महाग खावं लागलं असेल, आणि मला तो सौदा मान्य आहे, कारण एकीकडे ताटातली एक भाकरी कमी झाली आणि दुसरीकडे माणूस जिवंत राहिला.

याच्या उलट चित्र बघायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1876 ते 78 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने पण कामं काढली होती, पण सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं होतं ते खर्च कमी करायला, आणि त्यांनी दिवसभर राबणाऱ्या माणसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणून ठेवलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज केले, आकडे जमवले, आणि मुंबई इलाख्यातल्या कामांवरच्या मजुरांनी अक्षरशः काम सोडून दिलं. माणसं लाखांनी गेली. मद्रास इलाख्यात तर विचारू नका. तिजोरी वाचवणं हेच ध्येय ठेवलं की काय होतं त्याचा आपल्याच मातीतला हा पुरावा आहे, आणि सरकारी खर्चाला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी तो एकदा वाचावा असं मला कळकळीने वाटतं.

रोजगार हमीची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला लहान प्रमाणावर प्रयोग केला होता. 1972 ला योजना राज्यभर आली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, मग दुष्काळी कामांमुळे थोडी बाजूला राहिली, 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हे जगात फार थोड्या ठिकाणी कायद्यात लिहिलं गेलं होतं. केंद्राने तसा कायदा करायला 2005 उजाडलं.

आता या योजनेचा पैसा करातून येतो म्हटल्यावर एक शंका रास्त आहे. माझ्या पगारातून दोनशे गेले म्हणजे मी दोनशेचा खर्च कमी केला, मग एकीकडे वजा आणि एकीकडे अधिक, फायदा काय? नॉर्वेचे ट्रिग्वे हॉवेल्मो यांनी 1945 मध्ये याचं उत्तर गणिताने दिलं. कर घेऊन तेवढाच पैसा सरकारने काम करून घ्यायला वापरला तर उत्पन्न निदान तेवढ्या रकमेने तरी वाढतं, कारण करदात्याने दोनशे गेले म्हणून पूर्ण दोनशेचा खर्च कमी केलेला नसतो, काही भाग बचतीतून जातो, आणि सरकारने मात्र दोनशेच्या दोनशे कामावर लावले. त्यात देणारा शहरातला पगारदार आणि घेणारी खडीवरची बाई असेल तर फरक अजून वाढतो. मला दोनशे रुपयांनी महिन्यात काहीच बदलत नाही, खरंच काही नाही. आज्जीला आठवड्याचा पगार झाला की त्याच बाजारात मीठ, मिरची, गोडेतेल, उधारीतले थोडे फिटायचे, एखाद्या वेळी चांभाराकडे चप्पल. तिच्या हातात पैसा एक रात्रसुद्धा राहत नव्हता.

आणि ज्यांच्याकडे जायचा ते सगळे पायी चालत जाता येईल एवढ्या अंतरातले होते. तेली, चांभार, कुंभार, शिंपी, लोहार. आज त्याच गावात मजुराच्या हातात शंभर रुपये आले तर मोबाइलचा रिचार्ज, बिस्किटाचा पुडा, गाडीत पेट्रोल, गॅसचे पैसे. वाईट काही नाही त्यात, पण पैसा त्याच दिवशी गावाबाहेर गेला. राज्याच्या किंवा देशाच्या हिशोबात तो कुठं तरी धरला जातो, बिस्किटाचा कारखाना पण कोणाला तरी पगार देतोच, पेट्रोलमधला बराचसा मात्र देशाबाहेरच जातो कारण आपलं कच्चं तेल बहुतेक आयात आहे. गावाच्या हिशोबात बेरीज एकशे सहासष्टवर येऊन थांबते ती अशी.

म्हणून मला जेसीबीचा राग येतो, म्हणजे यंत्राचा नाही, त्याला दिलेल्या कामाचा. दगड फोडून बायकांच्या हाताला घट्टे पडावेत असं माझं म्हणणं मुळीच नाही, आज्जीचे हात मी बघितलेत. पण दुष्काळात, जेव्हा गावात माणसं रिकामी बसलीयत, तेव्हा ओढा खोल करायला जेसीबी लावला तर त्या पैशातला मोठा भाग डिझेलला आणि मशीनच्या हप्त्याला जातो, ऑपरेटर पण बऱ्याचदा बाहेरचा. ओढा लवकर खोल होतो, गाव तसंच रिकामं बसून राहतं. जलयुक्त शिवारच्या वेळी आमच्याकडे हे गावोगाव दिसलं, आणि 2020 ला कॅगने अहवाल दिला की 9,600 कोटींच्या वर खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही. काही गावांत पाणी आलंही, मी ते नाकारत नाही, पण मजुरीही गेली आणि पाणीही नाही अशी गावं पण मला माहीत आहेत.

आता उलट बाजूही मांडली पाहिजे कारण ती भक्कम आहे. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसीमधल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी 2013 मध्ये भारतासाठी गुणक काढले होते. भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते, धरणं, रेल्वे अशा टिकणाऱ्या गोष्टींवरच्या खर्चाचा, 2.45. लोकांच्या हातात थेट दिलेल्या पैशाचा 0.98. बाकी महसुली खर्चाचा 0.99. हा 2.45 नंतर बजेटच्या चर्चांमध्ये खूप वापरला गेला आणि त्यावरून सरळ निष्कर्ष काढतात की रस्ते बांधा, पैसे वाटू नका. आमच्याकडचा राजेवाडीचा तलाव बघितला की हे पटतंही. इंग्रजांच्या काळात दुष्काळी काम म्हणून तो बांधायला घेतला, त्या मजुरांना जे मिळालं ते अपुरं होतं, पण तलाव शंभर वर्षांहून जास्त उभा आहे आणि अजून त्याच्या पाण्यावर शेतं भिजतात. मजुरी कधीच खाऊन संपली, बांध राहिला. दुष्काळी कामांमधला हाच खरा मुद्दा होता की मजुरी आणि बांध एकाच पैशात मिळत होते. म्हणून हे दोन वेगळे रकाने करून भांडायला मला आवडत नाही.

पण 0.98 हा काही दगडावर कोरलेला आकडा नाहीये. केनियात सियाया काउंटीमध्ये 653 गावांत एक मोठा प्रयोग झाला, 10,500 हून जास्त गरीब घरांना प्रत्येकी सुमारे 1000 डॉलर सरळ देऊन टाकले आणि मग नुसती त्या घरांची नाही तर शेजारच्या गावांची, दुकानांची, भावांची सगळी मोजदाद केली. गुणक आला अडीचच्या आसपास, आणि भाव वाढले फक्त 0.1 टक्का. कारण तिथले दुकानदार, पिठाच्या गिरण्या, शिंपी दिवसातला बराच वेळ गिऱ्हाइकाविना बसून असायचे, मागणी आली तशी त्यांनी भाव न वाढवता नुसतं जास्त काम केलं. अर्थात तो पैसा बाहेरच्या देणगीतून आला होता, कोणाच्या करातून किंवा कर्जातून नाही, हे विसरून चालणार नाही. आमच्या तालुक्यापुरतं बघितलं तर मुंबईचा पैसा पण बाहेरचाच असतो, राज्यापुरतं बघितलं तर तो कुणाच्या तरी खिशातूनच गेलेला असतो. कुठं उभं राहून मोजता यावर आकडा बदलतो.

आणि कधी मोजता यावरही. युरोपात 2010 नंतर ग्रीससारख्या देशांना खर्च कापायला लावला तेव्हा अंदाज धरला होता की एक रुपया कापला तर उत्पन्न अर्ध्या रुपयाने घटेल. नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच ब्लांशार आणि ली यांनी तपासलं तर खरा आकडा 0.9 ते 1.7 निघाला. मंदी असताना, माणसं आधीच रिकामी असताना, सरकारने हात आखडला तर घाव दुप्पट-तिप्पट खोल बसतो.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते उशिराबद्दल. यावर फार कमी लिहिलं जातं. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमीत नियम असा केला होता की मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी खात्यात यायला पाहिजे, नाही आली तर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई. 2025-26 मध्ये महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता, म्हणजे सहा दिवसांचे 1872, आणि त्याची भरपाई दिवसाला चौऱ्याण्णव पैसे. महिनाभर उशीर झाला तर अठ्ठावीस रुपये. त्या महिन्यात त्या बाईने किराणा उधारीवर आणला असेल तर दुकानदार भावातच तेवढे लावतो, सावकाराकडून घेतले असतील तर शेकडा तीन-चार रुपये महिन्याला जातात. म्हणजे उशिरा आलेला पैसा हातात पडतो तोच मुळी सावकाराकडे जायला, आणि सावकाराच्या पेटीत गेलेला रुपया तिथंच बसतो, चांभाराकडे जात नाही. सरकारच्या पुस्तकात खर्च पूर्ण झालेला दिसतो. गावात त्याचा निम्माही फिरलेला नसतो.

हेच कंत्राटदाराच्या बिलांचं, हेच मार्च एंडचं. वर्षभर निधी अडकवून ठेवायचा आणि 31 मार्चच्या रात्री कोषागारात बिलांचा ढीग लावायचा ही आपल्याकडची रीतच झालीय. छोटा कंत्राटदार तोपर्यंत व्याजाने पैसे काढून मजूर सांभाळतो, किंवा सांभाळत नाही. लाडकी बहीणबद्दल माझं मत विचाराल तर बायकांच्या स्वतःच्या खात्यात दीड हजार येणं ही मला चांगली गोष्ट वाटते, आमच्या गावात त्या पैशातून पोरींच्या क्लासची फी भरलेली मी बघितलीय, भांड्याच्या दुकानात राखी पौर्णिमेला गर्दी बघितलीय. पण 2024 ला ती जाहीर करताना वर्षाला 46 हजार कोटी धरले होते, आणि एवढा पैसा उभा करताना दुसऱ्या कुठल्या हाताचा पैसा थांबला, कुठल्या रस्त्याचं बिल, कुठल्या शिष्यवृत्तीचा हप्ता, कुठल्या ठिबकचं अनुदान, हे विचारलंच पाहिजे. कारण थांबलेल्या पैशालाही गुणक असतो, उलट्या दिशेचा.

या दिवाळीला गावी गेले तेव्हा तात्यांशी, म्हणजे माझ्या चुलत्यांशी, यावरून बराच वेळ बोलणं झालं. त्यांची डाळिंबाची बाग आहे, थोडा कांदा असतो, आणि त्यांची तक्रार जुनीच की रोजगार हमीने मजूर बिघडवले, खुरपायला बाई मिळत नाही आणि मिळाली तर हजेरी परवडत नाही. मी त्यांना आंध्रातल्या अभ्यासाचं सांगितलं. तिथं 157 मंडलांत स्मार्टकार्ड आणून रोजगार हमीचा पैसा वेळेवर आणि गळती न होता पोचवायचा प्रयोग झाला, कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तो तपासला, तर गरीब घरांचं उत्पन्न 14 टक्क्यांच्या आसपास वाढलं, आणि त्यातला बहुतेक वाटा योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता, तो शेतावरची आणि बाकीची खाजगी हजेरी वाढल्यामुळे आला होता. आणि तात्या, हजेरी वाढली म्हणून लोकांची कामं गेली असंही झालं नाही, उलट खाजगी काम थोडं वाढलंच. गावात पैसा फिरला.

तात्या सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी बाईला जास्त मिळालं ते माझ्या खिशातनं मिळालं."

मी म्हटलं, काही प्रमाणात हो.

"मला त्येचं काय न्हाय पोरी. माझी आई खडीवर हुती, मला हजेरीचं शिकवू नगंस. पर तेवीस साली कांदा काढला आन निर्यात बंद केली, तवा माझा पैसा किती हातातनं फिरला आसता त्येचा हिशोब कुणी मांडलाय का तुझ्या त्या अभ्यासात? त्यो मांड. माझ्याकडं आला तर मी बाईला चारशे दीन."

मी डिसेंबर 2023 मधली ती बंदी, त्याआधीचं 40 टक्के निर्यात शुल्क, सगळं वहीत लिहून घेतलं. तो हिशोब मांडायला बसलेय.